नोकरभरतीतून प्रकल्प व्यवस्थापनाकडे

अर्जांची छाननी, उमेदवारांशी संपर्क आणि मुलाखतींच्या वेळा जुळविणे यांत नोकरभरती विभागातील कर्मचाऱ्याचा दिवस सरतो. ही नोकरी सांभाळून प्रकल्प व्यवस्थापनाची अर्हता मिळविण्याची ज्याची इच्छा आहे, त्याला रात्रीचे जागरण आणि पदरचे शुल्क दोन्ही खर्ची घालावे लागते. इतके करूनही अनुभव ग्राह्य न धरला गेल्यास सारे श्रम वाया जातात. म्हणून अभ्यासाच्या आरंभीच एक भेद समजून घेणे अगत्याचे आहे.

नित्यकार्य आणि प्रकल्प

ज्याला निश्चित आरंभ व अंत असतो आणि ज्यातून काही नवे निष्पन्न होते, तो प्रकल्प होय. जागा रिकामी झाली की ती भरणे, हे नित्यकार्य. परंतु चाकणसारख्या औद्योगिक क्षेत्रातील नव्या कारखान्यासाठी ठरलेल्या मुदतीत साठ कामगार निवडून त्यांना रुजू करून घेणे, हा प्रकल्प ठरतो. त्याची मुदत, खर्च, जबाबदाऱ्या आणि संभाव्य अडचणी यांचा आधी विचार करावा लागतो.

निर्णायक मार्ग

समजा, या भरतीत जाहिरातीस १५ दिवस, छाननीस १०, लेखी परीक्षेस ७ आणि मुलाखतींस १२ दिवस लागतात. त्यानंतर निवडलेल्या उमेदवारांना आपल्या जुन्या मालकाकडे ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. ही कामे एकामागून एकच होऊ शकतात. त्यांची बेरीज ७४ दिवस होते. कागदपत्रांच्या तपासणीचे ८ दिवस नोटिशीच्या काळातच सामावतात. प्रशिक्षणाच्या जागेची व्यवस्था पहिल्या दिवसापासून हाती घेतल्यास ४० दिवसांत पुरी होते. तिला ३४ दिवसांची सवड उरते. मुलाखती तीन दिवस लांबल्या, तर रुजू होण्याची तारीखही तीन दिवसांनी पुढे जाते. प्रशिक्षणाची जागा दहा दिवस उशिरा सज्ज झाली, तरी काही बिघडत नाही. लक्ष कोठे द्यावे, हे यावरून कळते. ७४ दिवसांच्या या साखळीलाच निर्णायक मार्ग म्हणतात. अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत १९५७ च्या सुमारास ही पद्धत आकारास आली.

कोणती परीक्षा?

अमेरिकेत १९६९ साली स्थापन झालेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेची 'पीएमपी' परीक्षा १९८४ पासून घेतली जाते. तिच्यासाठी चार वर्षांच्या अथवा समकक्ष पदवीधारकास प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचे शिक्षण आवश्यक असते. तीन वर्षांच्या पदवीधारकाने समकक्षतेची खात्री अर्जापूर्वीच करून घ्यावी. नित्याच्या भरतीची वर्षे या अनुभवात मोजता येत नाहीत. ज्याच्यापाशी असा अनुभव नाही, त्याला त्याच संस्थेची 'सीएपीएम' ही प्राथमिक परीक्षा खुली आहे. तिला माध्यमिक शिक्षण व २३ तासांचे प्रकल्पविषयक शिक्षण पुरते. अनुभवाची अट नाही.

अभ्यासाची रीत

परीक्षेतील प्रश्न केवळ व्याख्या विचारीत नाहीत; दिलेल्या प्रसंगी व्यवस्थापकाने काय करावे, हेही विचारतात. म्हणून पाठांतरावर विसंबून चालत नाही. येथे नोकरीच अभ्यासाला साहाय्यभूत होते. प्रत्येक मोठ्या भरतीची स्वतंत्र वही ठेवावी. तीत आरंभ व समाप्तीच्या तारखा, आपल्याकडे असलेली जबाबदारी, झालेला विलंब आणि त्यावर योजलेला उपाय लिहावा. पुस्तकातील प्रकरण वाचून झाले की त्यातील तत्त्व या वहीतील एखाद्या प्रसंगाला लावून पाहावे. अर्ज भरतानाही हीच टिपणे उपयोगी पडतात, कारण अर्जाची छाननी होऊन पुरावा मागितला जाऊ शकतो.

इतरांच्या अनुभवाचे दाखले रोज पारखणाऱ्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या अनुभवाची नोंदही तितक्याच काटेकोरपणे ठेवली पाहिजे. परीक्षेची तयारी खऱ्या अर्थाने तेथूनच सुरू होते.