पुरात नेमकं किती गेलं? पेण-रोहेकरांसाठी हिशेब

कुंडलिका, अंबा किंवा भोगावतीचं पाणी ओसरलं की पहिला हात झाडूला जातो. त्याआधी भिंतीवरची गाळाची रेघ मोजपट्टी लावून मोबाईलमध्ये टिपा. भिजलेला माल पंचनाम्याआधी फेकावाच लागला, तर फोटो आणि यादी ठेवा.

मग दोन आकडे वेगवेगळे मांडा: खरं नुकसान आणि मिळू शकणारी मदत. सरकारी मदत म्हणजे भरपाई नव्हे. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये होते, तेही ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तरच. या दराने २० गुंठे भाताला १,७०० रुपये होतात. लावणीची मजुरीही त्यातून सुटत नाही. शेतात तीन इंचांहून जास्त गाळ साचला, तर तो काढायला अल्पभूधारकाला हेक्टरी १८,०००. म्हणून गाळातही पट्टी रोवूनच फोटो काढा. पेणच्या खारेपाटात बांधाला खांड पडून उधाणाचं पाणी शिरलं असेल, तर पुढच्या हंगामाची घटही आपल्या हिशेबात धरा.

घर पूर्ण पडलं तर १,२०,००० रुपये. अंशतः, म्हणजे किमान १५ टक्के पडझडीला पक्क्या घरासाठी ६,५०० आणि कच्च्यासाठी ४,०००. दुभत्या म्हशीला ३७,५००.

पेण, हमरापूर, जोह्याच्या गणपती कारखान्यांचं दुखणं वेगळं आहे. जुलैचा पूर येतो तेव्हा शेड मूर्तींनी भरलेली असते आणि कच्ची शाडू पाण्यात विरघळते. निकषांत कारागिराला अवजारांसाठी ५,००० आणि मालासाठी ५,००० रुपये. एका हंगामाच्या भांडवलापुढे हे काहीच नाही. इथे मालाचा विमाच खरा आधार. अर्धवट मूर्तीची किंमत विक्रीच्या भावाने धरू नका. माती, रंग आणि तोवर दिलेली मजुरी एवढाच खर्च लावा, तोच दाव्यात टिकतो. परत करावा लागलेला बयाणा आणि बुडालेले मजुरीचे दिवस वेगळ्या ओळीत लिहा. खरेदीची बिलं आणि साठ्याची वही पावसाळ्यापूर्वीच फोटो काढून नातेवाइकाकडे पाठवून ठेवा.

गाडी बुडाली असेल तर चालू करून बघू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं की खर्च कैक पटींनी वाढतो. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर पुराचे पैसे मिळत नाहीत.

राज्य सरकार शासन निर्णयाने दर बदलतं, तेव्हा चालू दर तलाठ्याकडे विचारा. पंचनाम्यावर सही करण्याआधी क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी आणि बँक खात्याचा क्रमांक स्वतः वाचा आणि प्रत मागून घ्या.