कलेच्या आधाराने मनाची शुश्रूषा

चित्रकलेच्या तासाला फळ्यावर दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि वाहती नदी काढून द्यावी व मुलांनी ती वहीत उतरवावी, ही आपल्या शाळांची जुनी रीत. काही वर्षांपूर्वी चित्रकलेचे शिक्षक रजेवर असताना तो तास माझ्याकडे आला. सहावीतल्या एका मुलाने डोंगर काढले, सूर्य काढला. परंतु नदीच्या जागी काळी विहीर काढली. मी ती खोडायला सांगितली. त्याने खोडली आणि पुन्हा तेथेच काढली. मी रागावलो. त्याच्या वडिलांनी त्याच उन्हाळ्यात कर्जाला कंटाळून विहिरीत जीव दिला होता, हे मला संध्याकाळी अधीक्षकांकडून कळले. आयुष्यभर इतिहास शिकवला. पण समोर ठेवलेला पुरावा मला वाचता आला नव्हता.

स्मरणिकेसाठी लिहिताना तीच विहीर डोळ्यांपुढे येते. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत आपला बुलडाणा जिल्हा होता. वसतिगृहात येणारी काही मुले अशा घरांतून येतात. काहींचे आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले असतात. काहींनी गावात जातीवरून झालेला अपमान लहान वयातच सोसलेला असतो. या मुलांच्या पेटीत कपडे, वह्या, ताट-वाटी असते, हे आपण तपासतो. मनात काय आहे, ते तपासण्याची सोय मात्र आपण क्वचितच करतो.

मनावर मोठा आघात झाला की अनेकदा प्रथम शब्द हरवतात. मूल बोलत नाही, कारण काय झाले ते सांगण्याइतके शब्द त्याच्याजवळ नसतात, किंवा सांगितल्यास आई रडेल अशी त्याला भीती असते. रंग, माती, सूर, अभिनय यांना शब्दांची अट नाही. आतली भीती कागदावर आली की ती थोडी दूर ठेवून पाहता येते. तिला आकार देताना हात मुलाचा असतो. म्हणून जे घडले त्यापुढे आपण अगदीच असहाय नाही, असा अनुभव त्याला येतो. कलोपचाराचे मर्म एवढेच आहे.

या पद्धतीला इंग्रजीत ‘आर्ट थेरपी’ हे नाव १९४२ साली एड्रियन हिल या चित्रकाराने दिले. क्षयरोगाच्या रुग्णालयात स्वतः उपचार घेत असताना चित्रे काढण्याने मनाला उभारी येते, हे त्याने अनुभवले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ही ज्यू चित्रकर्ती नाझींच्या टेरेझीन येथील छावणीत पाठवली गेली. तेथील कैदी मुलांना तिने चित्रकला शिकवली. ऑक्टोबर १९४४ मध्ये आउश्वित्झला तिची हत्या झाली. बहुतेक मुलेही वाचली नाहीत. मात्र तिने दोन पेट्यांमध्ये लपवलेली सुमारे साडेचार हजार चित्रे मागे राहिली. तिची विद्यार्थिनी एडिथ क्रॅमर पुढे अमेरिकेत मुलांच्या कलोपचाराची एक आद्य प्रवर्तक ठरली.

नाव नवे असले, तरी विचार आपल्याला परका नाही. तथागतांनी पहिले आर्यसत्य सांगितले ते दुःखाच्या अस्तित्वाचे. दुःख झाकून ठेवून त्याच्या निरोधाकडे जाता येत नाही. पटाचारेची कथा आपण उपासक-उपासिकांना सांगतो. पती, दोन मुले, आईवडील, भाऊ असे सर्व गमावून ती भान हरपून भटकत होती. लोकांनी तिला हाकलले. बुद्धांनी जवळ येऊ दिले. कोणीतरी तिच्या अंगावर वस्त्र टाकले, तिचे ऐकून घेतले गेले आणि मग उपदेश झाला. हा क्रम शिक्षकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे पटाचारा स्वतः इतर शोकाकुल स्त्रियांचा आधार झाली. थेरीगाथेत अशा अनेक भिक्षुणींनी आपले दुःख आणि मुक्ती काव्यात मांडली आहे. ज्या डोंगररांगेवर बुलडाणा शहर वसले आहे, त्याच रांगेतील अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात नंदाच्या विरहाने कोसळलेल्या राजस्त्रीचे चित्र आहे. विहाराच्या भिंतीवर शोकालाही जागा देणारी ही परंपरा आहे.

आपल्या चळवळीच्या इतिहासातही हा धागा दिसतो. फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. एका मुलीच्या हाती लेखणी आली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वेदना बोलू लागली. १९२६ साली राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेबांनी आपले मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहून पुत्रशोक मोकळा केला. चार अपत्ये गमावलेल्या त्या पित्याने दुःख लपवले नाही. म्हणून ते दुबळे ठरले नाहीत. उत्तरायुष्यात ते व्हायोलिन शिकत होते, हेही आपण मुलांना सांगितले पाहिजे. ‘पुरुषाने रडू नये’ असे ज्या मुलांच्या कानांवर सतत पडते, त्यांच्यासाठी हे मोठे धडे आहेत.

अलीकडचे उदाहरण आपल्या विदर्भातलेच आहे. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकात आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील स्त्रिया स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांपैकी वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. ज्यांच्याविषयी इतरांनी बोलावे, अशा स्त्रिया स्वतः बोलू लागल्या. नाटकाने कर्ज फिटत नाही. पण मान खाली घालून जगण्याची सक्ती सैल होते.

शाळेत आपण काय करू शकतो? पंधरवड्यातून एक तास असा असावा, ज्याला गुण नाहीत, श्रेणी नाही, स्पर्धा नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांची तयारी वेगळी आणि हा तास वेगळा. साहित्य साधे असावे : कोरे कागद, खडू, पाठकोऱ्या पत्रिका आणि पोळ्याचे बैल करतो ती काळी माती. ‘हे काय काढलेस?’ असे दरडावून विचारण्याऐवजी ‘या चित्राबद्दल काही सांगावेसे वाटते का?’ असे विचारावे. सांगितले तर ऐकावे, न सांगितले तर शेजारी बसावे. काळा रंग म्हणजे दुःख आणि लाल म्हणजे राग, असे ठोकताळे बांधू नयेत. चित्राचा अर्थ मुलाजवळ असतो. त्याच्या संमतीवाचून ते भिंतीवर लावू नये आणि पाहुण्यांना तर मुळीच दाखवू नये.

मर्यादाही ध्यानात असाव्यात. आपण शिक्षक आहोत, चिकित्सक नव्हे. मूल मरणाची भाषा बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, झोप व जेवण तुटले असेल, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो, संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. चित्रातून वा बोलण्यातून लैंगिक अत्याचार उघड झाला, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार तो कळवणे बंधनकारक आहे. तेथे ‘शाळेची बदनामी’ हा विचार मनात येता कामा नये. पालकांनाही विनंती आहे की, मनाच्या आजारासाठी अंगारे-धुपारे आणि बाबा-बुवांच्या वाटेला जाऊ नये. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला ते शोभत नाही.

त्या मुलाची मी दुसऱ्या दिवशी क्षमा मागितली आणि त्याला एक कोरी वही दिली. पुढच्या कितीतरी चित्रांत विहीर तशीच राहिली. मी काही विचारले नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी त्याने वही आणून दाखवली. विहीर होतीच, तिच्यापासून जरा अंतरावर आई आणि एक शेळी उभी होती. शेळीचे नाव त्याने आपणहून सांगितले आणि मग वडिलांविषयी बोलला. तो पूर्ण बरा झाला, असा दावा मी करणार नाही. तो बोलू लागला, एवढेच मी पाहिले.

माजी विद्यार्थी शाळेसाठी संगणक, पंखे, ग्रंथ देतात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. यंदा त्यांनी आणखी एक दान द्यावे. महिन्यातून एक दुपार येथे येऊन मुलांशेजारी बसावे, हातात खडू घ्यावा आणि त्यांचे ऐकावे. आपल्यापैकी अनेकांच्या बालपणातही एखादी विहीर होतीच.