‘तुम्ही’ म्हणजे कोण?

आजचे वचन : १ करिंथ ३:१६

आपण देवाचं मंदिर आहोत हे वचन मी कित्येक वर्षं फक्त स्वतःलाच लावलं. माझं शरीर मंदिर, म्हणून वाईट सवयी नकोत. (शरीराची गोष्ट ६:१९ मध्ये आहेच.) पण इथलं ‘तुम्ही’ मूळ ग्रीकमध्ये अनेकवचनी आहे, आणि मंदिर मात्र एकच. मराठीत आदरार्थी ‘तुम्ही’मुळे हे सहज निसटतं. पौल लिहितो कोणाला? करिंथच्या मंडळीला, जिथे कोणी स्वतःला पौलाचा म्हणवत होता, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. अशा भांडणाऱ्यांमध्ये मिळून देवाचा आत्मा राहतो!

आमच्या मंडळीतल्या एका भावाशी मी तीन महिने बोललो नाहीये. रविवारी तो पुढच्याच बाकावर असतो.

प्रभू, आज त्याला फोन करायला मला धैर्य दे. आमेन.