जुने वाडे, बारवा सरकार विकत का घेत नाही?

प्रश्न : सातारा-सांगली भागातले जुने वाडे, राजवाडे, बारवा आणि त्यांच्या भोवतीच्या जमिनी सरकार सरळ विकत घेऊन लोकांना खुल्या का करत नाही? संस्थाने विलीन झाली तेव्हाच हे सगळे सरकारजमा झाले नव्हते का?
— एक वाचक, कराड

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेतो. नाही, सगळे सरकारजमा झाले नव्हते. औंध, सांगली, मिरज, जत, फलटण ही संस्थाने 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. कारभार, खजिना आणि संस्थानची मालमत्ता सरकारकडे गेली. राजाची खासगी मिळकत कोणती, याची मात्र वेगळी यादी झाली आणि ती त्या घराण्याकडेच राहिली. राहते वाडे, देवघरे, बागा, काही शेती या खासगी यादीत आली. म्हणून आज एकाच गावात एक इमारत सरकारी आणि तिच्या शेजारची वारसांच्या नावावर, असे चित्र दिसते. सातारची गोष्ट निराळी. तिथले राज्य कंपनी सरकारने 1848 मध्येच, औरस वारस नाही म्हणून, खालसा केले होते.

आता खरेदीचे. आपल्या भागात लोकांसाठी जे खुले झाले, त्यातला मोठा वाटा विकत घेतलेला नाही, राजांनी स्वतः उभा केलेला आहे. औंधला यमाईच्या डोंगरावर, चढणीच्या मध्यावर, श्रीभवानी संग्रहालय आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते 1938 मध्ये बांधले. रविवर्म्याच्या चित्रांच्या सोबतीला हेन्री मूरचे दगडातले माय-लेकरू तिथे बघायला मिळते. आज हे संग्रहालय राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय चालवते. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर हे त्याच संस्थानचे. कैद्यांना भिंतीशिवाय, शेतीवर ठेवण्याचा प्रयोग तिथे 1939 मध्ये सुरू झाला आणि ती खुली वसाहत अजून आहे.

सरकार विकत घेतच नाही, असेही नाही. डॉ. आंबेडकर लंडनमध्ये शिकताना ज्या घरात राहिले, ते राज्य सरकारने 2015 मध्ये घेतले. रघूजी भोसल्यांची तलवार 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून आणली. पण तलवारीला एक विक्रेता असतो. वाड्याच्या मिळकत पत्रिकेवर तीन-तीन पिढ्यांची नावे असतात. कुणाची वारसनोंद राहिलेली, कुणाची वाटणी कोर्टात, कुणी परदेशात. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय खरेदीखत होत नाही. सक्तीने भूसंपादन करायचे तर 2013 च्या कायद्याप्रमाणे ग्रामीण भागात बाजारभावाला दोनपर्यंत गुणांक लागतो आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे चौपटीपर्यंत. मालकाला योग्य मोबदला मिळालाच पाहिजे, यात दुमत नाही. पण एवढा पैसा घालायचा तर तो रस्त्याला लावायचा की पडक्या वाड्याला, हे ठरवताना वाडा नेहमी मागे राहतो.

आणि उशिरा घेतलेल्या वास्तूचे काय होते? पुण्याचा भिडे वाडा पाहा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा तिथे सुरू केली. भाडेकरूंबरोबरचा वाद वर्षानुवर्षे चालला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर 2023 मध्ये ताबा मिळाला, तोवर वाडा इतका खिळखिळा झाला होता की तो पाडावा लागला. जागा मिळाली, वास्तू गेली. सावित्रीबाईंच्या माहेरगावी, खंडाळा तालुक्यातल्या नायगावात, मात्र त्यांचे घर आज आत जाऊन पाहता येते. मला हा फरक फार मोठा वाटतो.

म्हणून संपूर्ण खरेदीचा हट्ट धरू नये, असे माझे मत आहे. राज्याच्या 1960 च्या स्मारक कायद्यात खरेदीच्या अलीकडे बरेच मार्ग आहेत. वास्तू संरक्षित जाहीर करता येते आणि मालकी मालकाकडेच राहते. मालक लेखी करार करून सरकारला नुसते पालकत्व देऊ शकतो. भाडेपट्टा होऊ शकतो, बक्षीसपत्र होऊ शकते. संरक्षित स्मारक मोडकळीला आले, मालक दाद देत नाही, तर सक्तीचे संपादनही आहेच, पण ते शेवटी.

सरकारने पैसा घालावा तो वाटेसाठी आणि भोवतीच्या जमिनीसाठी. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर घ्या. महामार्ग सोडून आत गेलात की शेतातच ती आहे. शके 1641 ते 1646 या काळात विरूबाई भोसल्यांनी बांधलेली. नाव बारा मोटांचे असले तरी सोय पंधरांची. रुंद पायऱ्या उतरून कमानीखालून गेलात की वरच्या अंगाला विहिरीच्या पोटातच खांबांचा छोटा महाल लागतो आणि खाली अष्टकोनी पाणी. अशा बारवेच्या काठाला उद्या प्लॉटिंग आले तर विहीर सरकारी झाली तरी काय उपयोग? मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा खासगी आहे, पण कृष्णेचा घाट सगळ्या गावाचा. लोक धुणे धुतात, पोरे पोहतात, पाहुणे येतात. ही वहिवाट कागदावर पक्की असायला हवी.

पैशाच्या सोयीचे म्हणाल तर इंग्लंडने 1946 मध्ये युद्धातला उरलेला माल विकून पाच कोटी पौंडांचा राष्ट्रीय भूमी निधी केला आणि वारसा-कराच्या बदल्यात जमीन-वाडे घेण्याची सोय केली. आधी निधी, मग मिळकत. पुढे 1957 मध्ये तिथल्या सरकारने त्यातला बहुतेक पैसा काढून घेतला, हेही ध्यानात ठेवावे. आपल्याकडे निदान जिल्हा नियोजनात दरवर्षी देखभालीची रक्कम बाजूला काढावी.

तुमच्या मनात एखादी नेमकी वास्तू असेल तर तिचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा, गावनकाशावर जाण्याची वाट दाखवली आहे का ते बघा, आणि वारसांशी बोलून पुरातत्त्व संचालनालयाला प्रस्ताव द्या. प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर हरकतींसाठी दोन महिने मिळतात. त्याआधीच ग्रामसभेचा ठराव करून वाट, पाणी आणि गाड्या लावायची जागा यांची मागणी त्यात लिहून घ्या.