बॅटरीविना बोलणारा रेडिओ

रेडिओ म्हटला की त्याला बॅटरी किंवा घरातली वीज लागणारच, असे आपण धरून चालतो. पण तारेचे एक वेटोळे, एक कंडेन्सर, एक डायोड आणि एक इअरफोन एवढ्यांवर चालणारा रेडिओ तुम्हाला घरी करता येईल. त्याला क्रिस्टल सेट म्हणतात. त्यात बॅटरी नसते आणि विजेची जोडणीही नसते. मग आवाजासाठी लागणारी ऊर्जा येते कोठून? हा प्रश्न मनात ठेवून संच जोडू या.

आधी एक खात्री करून घ्या. हा संच मध्यम लहरींवरील (मीडियम वेव्ह) जवळचे केंद्रच पकडतो. अलीकडे अशी काही केंद्रे बंद झाली आहेत. म्हणून साध्या रेडिओवर मीडियम वेव्ह लावून एखादे केंद्र दिवसा खणखणीत ऐकू येते का, ते पाहा. येत असेल तरच पुढे चला.

साहित्य आणि जोडणी

सुमारे ६ सेंटिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची नळी घ्या. तिच्यावर २६ नंबरच्या एनॅमल तांब्याच्या तारेचे ६० वेढे एकमेकांना लगटून गुंडाळा. यासाठी १२ मीटर तार पुरते. १५ वेढे झाले की तारेला पीळ देऊन एक छोटा फास बाहेर काढा आणि मग उरलेले वेढे घ्या. सुरुवातीच्या टोकाला 'अ', शेवटच्या टोकाला 'ब' आणि फासाला 'क' म्हणू. तिन्ही ठिकाणचे एनॅमल काचकागदाने खरवडून काढा. जोडणी न होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे न खरवडलेली तार.

जुन्या, मोडीत निघालेल्या रेडिओतला पत्र्याच्या पानांचा गँग कंडेन्सर मिळवा. त्याच्या एका भागाची स्थिर पाने 'ब' ला आणि फिरणारी पाने 'अ' ला जोडा. जर्मेनियम डायोडचे एक टोक 'ब' ला आणि दुसरे क्रिस्टल इअरफोनच्या एका तारेला जोडा. इअरफोनची दुसरी तार 'अ' ला येईल. इअरफोनच्या दोन तारांमध्ये ४७ किलोओहमचा रोध जोडा. मोबाइलचा इअरफोन येथे चालणार नाही. त्याचा रोध फारच कमी असल्याने तो ही क्षीण ऊर्जा गिळून टाकतो.

'क' ला एरियल जोडा. १५ ते २० मीटर लांबीची तार शक्य तितकी उंच बांधा. 'अ' ला अर्थ जोडा. ओल्या जमिनीत ठोकलेली लोखंडी सळई त्यासाठी उत्तम. एरियल विजेच्या तारांच्या आसपास कधीही बांधू नका. घरातील विजेच्या प्लगमधून अर्थ घेऊ नका. आकाशात ढग गडगडण्याची चिन्हे दिसू लागताच, वादळ येण्याची वाट न पाहता, एरियल सोडून ठेवा. हे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा.

केंद्र निवडले जाते कसे?

एरियलमध्ये एकाच वेळी अनेक केंद्रांच्या लहरी प्रवाह निर्माण करतात. त्यांतून एक निवडण्याचे काम वेटोळे आणि गँग मिळून करतात. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत लहान लहान झोके दिले तरी तो उंच जातो, भलत्या लयीत दिले तर जात नाही. यालाच अनुस्पंदन म्हणतात. आपल्या मंडलाची लय अशी काढतात:

कंप्रता = १ ÷ (२ × पाय × √(प्रवर्तकत्व × धारिता))

आपल्या वेटोळ्याचे प्रवर्तकत्व सुमारे २०० मायक्रोहेन्री आहे. गँगची धारिता ४०० पिकोफॅरड असता कंप्रता सुमारे ५६० किलोहर्ट्झ येते, तर ५० पिकोफॅरड असता सुमारे १५९० किलोहर्ट्झ. म्हणजे जवळजवळ सगळा मध्यम लहरींचा पट्टा हाती आला. धारिता आठपट घटली, पण कंप्रता आठपट का वाढली नाही? सूत्रातील वर्गमुळाकडे पाहा.

डायोड कशासाठी?

समजा, केंद्राची कंप्रता १००० किलोहर्ट्झ आहे. म्हणजे मंडलातील प्रवाह सेकंदाला दहा लाख वेळा पुढेमागे होतो. बोलणे किंवा गाणे या लहरीच्या परमप्रसरातील चढउतारांत दडलेले असते. पण लहरीची वरची बाजू इअरफोनच्या पडद्याला जेवढी पुढे ढकलते, तेवढीच खालची बाजू मागे ओढते. बेरीज शून्य! डायोड प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो. एक बाजू कापली गेली की सरासरी शून्य राहत नाही, ती आवाजाप्रमाणे कमीजास्त होते आणि पडदा हलू लागतो.

क्रिस्टल इअरफोनमधून एकदिश प्रवाह जात नाही. त्यामुळे डायोडमधून आलेला विद्युत्भार तेथे साचून राहू नये म्हणून त्याला रोधातून वाट दिलेली असते.

असा डिटेक्टर शोधण्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून डिटेक्टर तयार केला. त्यासाठी त्यांनी १९०१ साली अमेरिकेत अर्ज केला आणि १९०४ साली त्यांना पेटंट मिळाले. आपल्या हातातला डायोड त्याच कुळातला आहे.

ऊर्जा कोठून आली?

आता उत्तर सोपे आहे. केंद्राचा प्रक्षेपक कित्येक किलोवॅट शक्ती अवकाशात पसरवत असतो. तिचा अतिसूक्ष्म अंश तुमची तार पकडते आणि त्यावरच पडदा हलतो. एवढ्याने भागते, कारण आपला कान विलक्षण संवेदनशील आहे. दर चौरस मीटरला एका वॅटचा एक लाख कोटीवा भाग एवढी तीव्रताही निरोगी कानाला जेमतेम ऐकू येते. क्रिस्टल सेटमधला सर्वांत नाजूक भाग दुकानात मिळत नाही, तो तुमच्यापाशीच आहे!

करून पाहा

प्रत्येक प्रयोगाआधी आपले भाकीत वहीत लिहा.

१. डायोड काढून त्या जागी साधी तार जोडा. काय ऐकू येते?

२. जर्मेनियमऐवजी साधा सिलिकॉन डायोड लावा. तो सुमारे ०.६ व्होल्टनंतर नीट वाहू लागतो, जर्मेनियम ०.२ व्होल्टच्या आसपास. तुमच्या केंद्राच्या जोराबद्दल यावरून काय कळते?

३. डायोड उलटा जोडा. रेडिओ बंद पडेल का? लहरीची वरची आणि खालची कड कागदावर काढा, दोन्हींची तुलना करा आणि मगच डायोड फिरवा.