गाविलगडचा वेढा आणि आपला जिल्हा

गाविलगड अमरावती जिल्ह्यात; मग त्याच्या पाडावाशी यवतमाळचा संबंध काय, असा प्रश्न मला वऱ्हाडचा इतिहास वाचताना नेहमी पडे.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावला नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला व त्यांची फौज गाविलगडाच्या आश्रयास गेली. किल्लेदार होता बेनीसिंह. दक्षिणेचा चढ अवघड, म्हणून आर्थर वेलस्लीने तिकडे नुसता शह दिला. स्टीव्हन्सनने मात्र डोंगरातून तोफा ओढीत नेऊन उत्तरेस मोर्चे बांधले. १५ डिसेंबरला हल्ला झाला. बाहेरच्या तटाला खिंडारे पडली होती, पण आतला तट शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून आत उतरली व तिने दरवाजा उघडला. बेनीसिंह लढता लढता पडला.

दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. गाविलगड भोसल्यांना परत मिळाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख मात्र निजामाकडे गेला. वर्धा ही आपल्या जिल्ह्याची पूर्वसीमा! म्हणजे किल्ला वाचला आणि गेली ती आपली भूमी. म्हणून मला वाटते, वेढ्याची हकीकत वाचताना आपण तहाची कलमेही वाचावीत.