व्हिमच्या पुरवण्या आणि विस्कटलेल्या ओव्या

प्रकल्पासाठी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या मी लिनक्सवरील ‘व्हिम’ या टेक्स्ट एडिटरमध्ये उतरवून घेतल्या. लेखन मार्कडाऊन पद्धतीचे. या पद्धतीत ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडल्या म्हणजे छापताना ओळ तेथेच तुटते. पण छापील प्रत हाती आली, तो प्रत्येक ओवीचे चरण एकामागोमाग, गद्यासारखे!

दोष शोधताना प्रथम ‘--क्लीन’ हा पर्याय देऊन व्हिम उघडले. अशाने आपण घातलेल्या साऱ्या पुरवण्या आणि सेटिंग बाजूला राहतात. आता फाइल सेव्ह केली तरी मोकळ्या जागा शाबूत राहिल्या. म्हणजे एडिटर निर्दोष. एखादी पुरवणी, अर्थात प्लगइन, सेव्ह करतेवेळी त्या पुसत होती. प्रोग्राम लिहिणाऱ्यास ही सफाई सोयीची, ओव्यांना मात्र मारक.

पण ती काढायची कशी? मी प्रत्येक पुरवणीच्या फाइली सरळ ‘.व्हिम’ या फोल्डरात ओतल्या होत्या. एकीची एक फाइल ‘प्लगइन’मध्ये, दुसरी ‘ऑटोलोड’मध्ये, मदतीचा मजकूर ‘डॉक’मध्ये. दहाबारा पुरवण्यांची अशी खिचडी झाल्यावर कोणती फाइल कोणाची हे कळेना. ‘:स्क्रिप्टनेम्स’ या आज्ञेने चालू असलेल्या फाइलींची यादी मिळाली. त्यांतील एकेक वगळत गेल्यावर गुन्हेगार सापडला.

वस्तुतः २०१६ साली निघालेल्या व्हिम ८ पासून यावर सोय आहे. ‘.व्हिम’मध्ये ‘पॅक’, त्यात आपल्या पसंतीच्या नावाचे एक फोल्डर आणि त्यात ‘स्टार्ट’ व ‘ऑप्ट’. प्रत्येक पुरवणीला येथे स्वतंत्र बिऱ्हाड मिळते. ‘स्टार्ट’मधील आपोआप सुरू होते, ‘ऑप्ट’मधील ‘:पॅकॲड’ म्हणून नावाने बोलावल्यावरच येते. नको झाली की तिचे फोल्डर काढून टाकावे.

डेबियनवर काही पुरवण्या ‘ॲप्ट’मार्फतही मिळतात. कोणती फाइल कोठे ठेवली याची नोंद ती यंत्रणाच ठेवते, म्हणून काढण्याचे कामही तिच्याकडेच द्यावे. आवृत्ती मात्र पुष्कळदा जुनी असते. एकच पुरवणी दोन्ही वाटांनी घेऊ नये. मग कोणती चालते आहे याचा उलगडा होता होत नाही. शिवाय पुरवणी हा आपल्याच अधिकाराने चालणारा प्रोग्राम असतो. आपल्याला जी फाइल पुसता येते, ती तिलाही पुसता येते.

मोकळ्या जागा वहीशी ताडून पुन्हा घालण्यात माझी दिवाळीची सुट्टी गेली. ती पुरवणी आता ‘ऑप्ट’मध्ये आहे.